सात अक्षरें आणि एक शब्दकोश

इंग्रजी शब्दांचें लेखन आपल्या मुलांस कठीण कां जातें, ह्याचें कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. मराठींत बहुधा जसें बोलावें तसें लिहावें; इंग्रजींत जिभेचें आणि लेखणीचें पुष्कळदां जुळत नाहीं. म्हणून मूल घोकंपट्टीचा आश्रय करतें. रात्रीं शब्द पाठ करावे, सकाळीं ते शिक्षकांस म्हणून दाखवावे आणि आठवड्याअखेर त्यांतील बहुतेक विसरावे, असा क्रम घरोघर चालतो. ज्या घरांत इंग्रजीचा वारा नाहीं, तेथील मुलास तर हें ओझें दुप्पट होतें. अशा मुलांस खचित उपयोगी पडेल असा एक खेळ आहे. कांहीं अक्षरें द्यावीं आणि त्यांतून होतील तितके इंग्रजी शब्द शोधावे, हाच तो खेळ. त्यास पेन्सिल, कागद आणि एक शब्दकोश एवढीच सामग्री पुरते. पुष्कळ पालक ह्यास वेळेचा अपव्यय समजतात. माझें मत उलट आहे, व तें मी येथें सकारण मांडूं इच्छितों.

'टीचर' हाच शब्द घ्या. टी, ई, ए, सी, एच, ई, आर हीं त्याचीं सात अक्षरें. त्यांतून 'टीच', 'रीच', 'हीट', 'चार्ट' हे शब्द मूल सहज काढतें. सातही अक्षरें वापरलीं असतां 'हेक्टेअर' हें जमिनीचें माप निघतें; आणि, शिक्षकवर्गानें रागावूं नये, 'चीटर' म्हणजे ठकही निघतो! परंतु खरा लाभ लहान शब्दांत आहे. ई, ए, आर ह्या तीन अक्षरांचा 'इअर' म्हणजे कान होतो. त्यांस एच व टी जोडून एका रीतीनें मांडल्यास 'हार्ट' म्हणजे हृदय होतें, दुसऱ्या रीतीनें मांडल्यास 'अर्थ' म्हणजे पृथ्वी होते. तींच तीन अक्षरें त्याच क्रमानें येऊन तीन ठिकाणीं तीन उच्चार करतात! हा विक्षेप शिक्षकानें फळ्यावर लिहून दिला तर तो वहींत राहतो. मुलानें स्वतः शोधून काढला तर तो त्याच्या डोक्यांत राहतो.

दुसरा लाभ शब्दांच्या रचनेचा. सात निरनिराळीं अक्षरें ५०४० प्रकारांनीं मांडतां येतात. इतके प्रकार कोणी मांडून पाहत नाहीं. चतुर मुलगा आधीं जोड्या हेरतो. आय, एन, जी हीं अक्षरें दिसलीं कीं तीं शब्दाच्या शेवटीं ठेवून पाहतो. आर व ई दिसलीं कीं प्रारंभीं ठेवतो. क्यू दिसला कीं लागलीच यू शोधतो. कोणतें अक्षर वारंवार येतें व कोणतें क्वचित्, हेंही त्यास कळूं लागतें. अमेरिकेंतील आल्फ्रेड बट्स नामक वास्तुशिल्पज्ञाचें काम मंदीच्या दिवसांत सुटलें, तेव्हां त्यानें वृत्तपत्राच्या पानांवरील अक्षरें मोजून एक खेळ रचला. त्यास १९४८ सालीं 'स्क्रॅबल' हें नांव मिळालें. त्याच्या इंग्रजी संचांत १०० सोंगट्या असतात. पैकीं ई ह्या अक्षराच्या १२, आणि क्यू व झेड ह्यांची प्रत्येकीं एकच. म्हणून ई ठेवणारास एक गुण, तर क्यू ठेवणारास दहा. भाषेचा स्वभाव असा मोजतां येतो, हें शिकणें कांहीं लहान नव्हे.

आतां मुलें म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? मोबाइलास अक्षरें दिलीं कीं तो क्षणांत यादी देतो." देतो खरा, पण तो तें कसें करतो, हें पाहण्यासारखें आहे. एक सोपी रीत अशी: कोशांतील प्रत्येक शब्दाचीं अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें लावून ठेवावयाचीं. 'लिसन' म्हणजे ऐकणें आणि 'सायलेंट' म्हणजे निःशब्द, ह्या दोहोंचीं अक्षरें क्रमानें लावलीं कीं ई, आय, एल, एन, एस, टी अशी एकच ओळ होते. एका ओळीचे शब्द एका कप्प्यांत ठेवले कीं काम झालें. ह्यांत जादू नाहीं. चौथीचा मुलगाही अशी वही करूं शकेल, व ती वही त्याची स्वतःची मिळकत होईल. यंत्राची यादी आधीं पाहणें म्हणजे उत्तर पाहून गणित सोडविणें होय. शोध संपल्यावर काय राहिलें हें पाहण्यास मात्र ती खुशाल पाहावी.

पालकांचा एक आक्षेप मी मान्य करतों. शब्द सांपडला म्हणजे भाषा आली असें नाहीं. २०१५ सालीं फ्रेंच भाषेंतील स्क्रॅबलचें जागतिक अजिंक्यपद न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स ह्यांनीं मिळविलें. पण त्यांस फ्रेंच बोलतां येत नव्हतें! त्यांची स्मरणशक्ति थोर खरी, तथापि आपल्या मुलांस तो मार्ग नको. म्हणून घरांत एकच नियम असावा: ज्या शब्दाचा अर्थ सांगतां येत नाहीं व जो वाक्यांत घालतां येत नाहीं, तो हिशेबांत धरूं नये. कोश उघडण्याची संवय ह्याच नियमानें लागेल. ज्या पालकांस इंग्रजी येत नाहीं, त्यांनींही शेजारीं बसून "ह्याचा अर्थ काय रे?" एवढें विचारावें, तेवढेंच पुरे आहे.

विद्यार्थिमित्रांनो, सुटींत करावयास एक काम देतों. 'एज्युकेशन' ह्या शब्दांत ए, ई, आय, ओ, यू हे पांचही स्वर एकेकदां येतात, पण क्रमानें येत नाहींत. ते क्रमानें येतात असा एक शब्द शोधा. खाण्यापिण्यांत संयम पाळणाऱ्या मनुष्यास तें विशेषण लावतात. उत्तर मी येथें देत नाहीं. कोश तुमच्याजवळ आहे.