करमणुकीचीं लहान धरणें व त्यांचा धनी

आषाढाचा पाऊस घाटमाथ्यावर स्थिरावला, कीं लोणावळ्याचें भुशी धरण भरून त्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहूं लागतें. आणि रविवार उजाडला, कीं मुंबई-पुण्याकडील हजारों माणसें मुलाबाळांसह त्या पाण्यांत येऊन बसतात. कणसें भाजणारे, भजीं तळणारे व मोटारींस जागा देणारे यांचा पावसाळ्यांतील संसार त्यावर चालतो. शेतकीच्या मासिकांत अशा करमणुकीच्या जागेविषयीं लिहिण्याचें काय कारण, असें कोणी विचारील. कारण हेंच कीं, भुशीस जें घडलें, तें आपल्या गांवच्या पाझर तलावावर किंवा बंधाऱ्यावर घडण्यास आतां फारसा अवकाश राहिलेला नाहीं. शहरचीं माणसें पाणी शोधीत खेडोपाडीं येऊं लागलीं आहेत, आणि आपल्यांपैकीं कित्येकांनीं त्यांच्या जेवणाखाण्याची व मुक्कामाची सोयही करून ठेविली आहे. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु पाण्याची राखण कोणीं करावयाची, हें ठरविल्यावांचून पाण्यावर पाहुणे बोलावणें हें शहाणपणाचें नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

भुशीचें धरण मुळांत करमणुकीसाठीं बांधलेलेंच नाहीं. बोरघाटांतून आगगाडीचा मार्ग १८६३ सालीं सुरू झाला, व त्याच दशकाच्या अखेरीस ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें वाफेच्या इंजिनांस पाणी मिळावें म्हणून इंद्रायणीवर हें दगडी धरण उभारिलें. पुढें १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणें मार्गावर विजेच्या गाड्या धावूं लागल्या व इंजिनांची तहान ओसरली. धरण मात्र राहिलें, आणि लोकांनीं त्यास नवें काम लाविलें. पाणी साठविण्याकरितां बांधलेल्या वस्तूचा धनी पाण्याची पातळी पाहतो. पाण्यांत उतरलेलीं माणसें मोजणें त्याच्या कामांत कधीं लिहिलेलें नसतें.

ता. ३० जून २०२४, रविवार, या दिवशीं पुण्याकडील एका कुटुंबांतील मंडळी धरणाच्या मागील अंगास, डोंगरांतून जलाशयांत उतरणाऱ्या ओढ्यावरील धबधब्यापाशीं गेली होती. डोंगरावर पावसाचा जोर होता. ओढ्यास एकाएकीं लोंढा आला, आणि भर प्रवाहांत एकमेकांस धरून उभीं असलेलीं माणसें लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलीं. एक स्त्री व चार मुलें मिळून पांच जीव त्यांत गेले. येथें ध्यानांत घ्यावयाचें तें हें, कीं धरण फुटलें नव्हतें. अपघात झाला तो धरणाच्या भिंतीपाशीं नव्हे, तर तिच्या मागील पाणलोटांत. ओढ्याचें पाणी आपल्या डोक्यावरील पावसानें नव्हे, तर डोंगरावरील पावसानें वाढतें, हें आपल्याकडील गुराख्याच्या पोरासही ठाऊक असतें. लोणावळ्यास सालीना दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि भिजून तृप्त झालेल्या कातळावर पडलेलें पाणी मुरत नाहीं. तें थोडक्या वेळांत ओढ्यास येऊन मिळतें. पाणी गढूळ होणें, काटक्या व पालापाचोळा वाहून येणें, ओढ्याचा आवाज बदलणें, हीं पूर येण्याचीं लक्षणें होत. शहरांतून आलेल्या माणसास हीं कोणीं सांगावीं?

आम्हीं सारें आयुष्य महसुली दप्तरांत कारकुनी करण्यांत घालविलें. कोणताही तंटा पुढें आला, कीं आमचा पहिला प्रश्न असे : हें कोणाच्या नांवें आहे? तोच प्रश्न येथें घालून पाहावा. धरण रेल्वेचें, धबधब्याकडील रान वनखात्याचें, गांवची व्यवस्था नगरपरिषदेकडे, बंदोबस्त पोलिसांकडे, मनाईहुकूम काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रत्येकाचा अधिकार आपापल्या हद्दीपुरता खरा असतो. ओढा मात्र हद्द पाहून वाहत नाहीं. सामाईक विहिरीचा गाळ कोणीं काढावयाचा यावरून भावाभावांत काय होतें, हें वाचकांस निराळें सांगावयास नको. येथें गाळाऐवजीं माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, एवढाच भेद.

त्याच इंद्रायणीवर खालीं तळेगांवनजीक कुंडमळा येथें ता. १५ जून २०२५ रोजीं जुना लोखंडी पूल कोसळून चार माणसें मृत्यु पावलीं व कित्येक जखमी झालीं. तो दिवसही रविवारच होता. गांवकऱ्यांच्या जाण्यायेण्यासाठीं केलेल्या पुलावर पाणी पाहावयास आलेल्या लोकांची दाटी झाली होती. पूल धोक्याचा असल्याचा फलक तेथें लाविलेला होता; पण फलक हा कांहीं राखणदार नव्हे. वस्तु बांधली एका कामासाठीं, वापर झाला दुसऱ्याच कामासाठीं, आणि वापर बदलला तरी जबाबदारीची नोंद बदलली नाहीं, हें या दोन्ही प्रसंगांतील साम्य आहे.

यावर कोणी म्हणतील, अशा जागा कायमच्या बंद करून टाकाव्या. भुशीच्या अपघातानंतर जुलै २०२४ मध्यें पुणें जिल्ह्यांतील अशा धोक्याच्या ठिकाणीं पाण्यांत उतरण्यास मनाई करणारा हुकूम निघाला, व त्या वेळीं तो योग्यच होता. परंतु हुकमाची मुदत सरते आणि पाऊस दर वर्षीं येतो. शिवाय पुढील दार बंद केलें, कीं लोक मागील रानांतून शिरतात. तेथें ना दोर असतो, ना हांक मारणारें माणूस. म्हणून केवळ बंदी हा आमच्या मतें उपाय नव्हे. जागा उघडी ठेवावयाची तर तिला राखणदार द्यावा, आणि राखणदार देववत नसेल तर ती उघडी ठेवूं नये.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याखालीं १५ मीटरांहून उंच धरणें येतात, आणि १० ते १५ मीटर उंचीचीं येतात तीं ठराविक अटींत बसलीं तरच. म्हणजे आपले बहुतेक पाझर तलाव, गांवतळीं व बंधारे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. परंतु लहान धरणाचें पाणी लहान माणसासही बुडविण्यास पुरेसें असतें. त्यांतही भुशीचें धरण दगडी आहे, व त्यावरून पाणी वाहावें अशीच त्याची बांधणी आहे. आपले तलाव मातीच्या भरावाचे. त्यांच्या भरावावरून पाणी वाहूं लागलें, कीं माती कापली जाऊन घटकाभरांत तलाव नाहींसा होतो. चिपळूण तालुक्यांतील तिवऱ्याचें मातीचें धरण ता. २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें व वीस-बावीस माणसांचा बळी गेला. गळती असल्याची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती; खेकड्यांनीं भराव पोखरला, असें मागाहून एका मंत्र्यांनीं सांगितलें. खेकडे, घुशी व भरावावर वाढलेलीं झाडें हे मातीच्या धरणाचे शत्रु आहेत, हें खरेंच. पण त्यांस पाहणारें माणूस नेमणें हें खेकड्यांचें काम नव्हे.

येथें आमच्याच पदरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. नोकरींत असतां एका गांवीं पीकपाहणीस गेलों तेव्हां तेथील पाझर तलावाच्या सांडव्यांत वाळूचीं पोतीं रचलेलीं दिसलीं. दोन फूट पाणी अधिक राहावें म्हणून भोंवतालच्या बागाइतदारांनींच तीं रचलीं होतीं. आम्हीं एक टिपण लिहून वरच्या कचेरीकडे धाडिलें व आपलें काम झालें असें मानिलें. कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत राहिला. श्रावणांत एका रात्रीं पाणी भरावाच्या माथ्याशीं येऊन भिडलें, तेव्हां त्याच बागाइतदारांनीं कंदिलाच्या उजेडांत कमरेइतक्या पाण्यांत उतरून तीं पोतीं उपसलीं, म्हणून खालची वाडी वांचली. आमच्या टिपणानें ती वांचली नाहीं, हें आम्हांस आजही टोचतें. सांडव्यांत पोतें टाकणारा शेतकरी व टिपण पाठवून स्वस्थ बसणारा कारकून, या दोघांचा दोष आम्ही सारखाच समजतों.

म्हणून आमची सूचना अशी. पावसाळ्यापूर्वींच्या ग्रामसभेंत प्रत्येक तलावास व बंधाऱ्यास एक राखणदार नांवानिशीं नेमावा व त्याचें नांव ग्रामपंचायतीच्या दप्तरांत नोंदवावें. त्यानें आठवड्यास एकदां, आणि अतिवृष्टींत रोज, भरावावरून व पायथ्यावरून फेरी घालावी. झिरप्याचें पाणी स्वच्छ आहे कीं गढूळ, हें वहींत लिहावें. गढूळ झिरपा म्हणजे आंतली माती निघून जात आहे असें समजून त्याच दिवशीं तालुक्यास कळवावें, व उत्तर हातीं येईपर्यंत कागदाचा पाठलाग सोडूं नये. सांडवा मोकळा ठेवावा. त्यांत पोतें किंवा जाळें आढळल्यास घालणारा कोणीही असो, तें काढावें. पाहुणे येत असतील तेथें खोलीच्या खुणांचा खांब, दोर व तरंगता टायर असावा, आणि डोंगर काळवंडला कीं पाण्यांतून सर्वांस बाहेर काढण्याचा अधिकार राखणदारास असावा. त्याच्या वेतनाची सोय काय, असा प्रश्न निघेल. मोटारी उभ्या करण्याचें भाडें आपण घेतोंच. त्यांतून पावसाळ्यापुरता एक माणूस सहज पोसला जाईल.

इंद्रायणीच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यास त्या नदीचें मोल ठाऊक आहे. वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रांतून १९८७ सालीं निघालेल्या भाताच्या वाणास तिचेंच नांव दिलेलें आहे. ज्या पाण्यावर आपण पीक घेतों, त्याच पाण्यावर आलेला पाहुणा सुखरूप घरीं जावा, हें पाहणें आपल्या कुळाचारांतच आहे. वाचकांनीं पावसाळ्यापूर्वीं आपल्या गांवच्या तलावावर एकवार जाऊन यावें, आणि परततांना वाटेंत भेटेल त्यास एवढेंच विचारावें : हा तलाव कोण राखतो? उत्तरादाखल एखाद्या खात्याचें नांव आलें, तर तलावास राखणदार नाहीं असें समजावें; माणसाचें नांव आलें, तर आहे असें समजावें.