गाद्यांची शिरगणती

पावस-पूर्णगडच्या बाजूला किनाऱ्यालगत पाण्यातून करडी पाठ वर येते आणि बुडते, हे तिकडच्या आपल्या मंडळींना नवे नाही. आपण त्याला गादा म्हणतो, पुस्तकात तो कुबड असलेला डॉल्फिन. तो मासा नव्हे. हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. 2017 पासून तो जागतिक संकटग्रस्त यादीत आहे. पण कोठे किती आहेत हे कळल्याशिवाय जपणूक कोठून सुरू करणार?

आमच्या कचेरीत स्टॉक मोजणे सोपे, माल जागचा हलत नाही. गादा हलतो. म्हणून समुद्रावर ठरावीक अंतराने सरळ रेषा आखतात. होडी एकाच वेगाने त्या रेषेवरून जाते, माणसे दोन्ही बाजूंना डोळे लावून बसतात. दिसला की वेळ, जागा, पाण्याची खोली, सोबत पिल्लू आहे काय, सारे लिहितात. पाठीवरच्या पंखाचा फोटो घेतात. त्यावरच्या खाचांवरून एकेक गादा ओळखता येतो, जणू अंगठ्याचा ठसा! सिंधुदुर्गात कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांनी असे काम केले. 2015 साली कुणकेश्वरसमोर त्यांना निळा देवमासा पिल्लासह दिसला.

याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. गादा किनाऱ्याजवळ राहतो, लहान मच्छीमाराचे जाळेही तेथेच पडते. दोन्ही एका नकाशावर आले, तर कोणता पट्टा कोणत्या महिन्यात जपायचा ते ठरवता येते. नकाशाच नसेल तर साहेब मुंबईत बसून सरसकट बंदीची रेघ ओढतील, आणि चूल विझेल ती लहान होडीवाल्याची.

डिसेंबर 2018 पासून राज्यात एक योजना आहे. असा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुराव्याला फोटो लागतो. असा प्रत्येक अर्ज म्हणजे नकाशावरचे एक टिंबच.

मेलेला गादा वाळूवर आला तरी पुरण्याआधी वनखात्याला 1926 वर कळवा. लाट प्रेत लांबूनही आणते, तरी अंगावरचे जाळ्याचे वळ, पोटातले खाद्य पुष्कळ सांगते. दात किंवा चरबी नेऊ नका. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तो वाघाच्या पंक्तीला आहे. गाव, तारीख, तोंडापासून शेपटीपर्यंतची लांबी आणि जमल्यास फोटो, एवढे दिले तरी नोंद होते.