मुक्कामाच्या जागी बाग

31 डिसेंबरच्या रात्री देवळाली कॅम्पात थंडी अंगाला झोंबते. दहाच्या सुमारास माणसे चर्चच्या आवारात येऊ लागतात ती शाली, मफलर, कानटोप्या घालूनच. आत सरत्या वर्षाची उपकारस्तुती होते, कुणी उठून साक्ष देते, बाराला घंटा होते आणि माणसे एकमेकांचे हात हातात घेतात. मग पाळकसाहेब एक स्टीलचे ताट पुढे करतात. ताटात कागदाच्या बारीक सुरळ्या, प्रत्येकीत पवित्र शास्त्रातले एकेक वचन. हाती येईल ते आपले वर्षाचे वचन.

गेल्या वेळी माझ्या पुढच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी सुरळी नातवाकडून वाचून घेतली, पिशवीतून बायबल काढले आणि शेवटच्या कोऱ्या पानावर साल घालून ते वचन त्याला लिहायला सांगितले. पान जवळजवळ भरलेले होते. कुठे निळी शाई, कुठे काळी, कुठे पेन्सिल. एका सालापुढे मात्र काहीच नव्हते. नातवाने विचारले, "आजी, हे राहिलं का?" आजी म्हणाल्या, "त्या वर्षी तुझे आजोबा गेले. वचन मिळालं होतं, पण लिहावंसं वाटलं नाही." तो म्हणाला, "मग आता लिहू?" त्या म्हणाल्या, "नको. ती जागा तशीच राहू दे. तू खाली लिही."

त्या रिकाम्या जागेचा मी वर्षभर विचार करतो आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत आपण ऐकतो की देवाची योजना अनादिकाळापासूनची आहे, त्याची कृपा पुरेशी आहे, तेव्हा येणारे वर्ष निर्धास्तपणे त्याच्या हाती सोपवा. हे म्हणणे खरे किती आणि सोयीचे किती, याचा तोल एकदा मोकळेपणाने पाहिला पाहिजे. मराठीने तर दोन्ही पारड्यांसाठी म्हणी करून ठेवल्या आहेत. एकीकडे असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, दुसरीकडे प्रयत्नांती परमेश्वर. पहिली आपण आळशी माणसाला सुनावतो, दुसरी कष्टाळू माणसाला धीर देण्यासाठी म्हणतो. श्रद्धावान माणूस नेमका कुठे उभा असतो?

आधी विरोधातले मुद्दे. पहिला वचनाच्या त्या ताटाबद्दलच. चिठ्ठीने वचन घेण्याची रीत जुनी आहे. जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन मंडळीने अशी वचने 1731 सालापासून छापून काढली. हेतू एवढाच होता की विखुरलेल्या माणसांनी एका दिवशी एका वचनावर मनन करावे. पण आपल्याकडे त्या सुरळीचा कधीकधी कौल होतो. भरभराटीचे वचन निघाले की चेहरे खुलतात, दुःखसहनाचे निघाले की घर धास्तावते. मी एका गृहस्थांना सुरळी परत टाकून दुसरी उचलताना पाहिले आहे. पाडव्याला पंचांगातले वर्षफल ऐकायचे आणि इकडे सुरळी उघडायची, यात मग मनाच्या पातळीवर फरक उरत नाही. दोन्हीकडे माणूस देवाला शोधत नसतो, पुढच्या बारा महिन्यांची बातमी शोधत असतो.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. "देवाच्या मनात असेल ते होईल" या वाक्यामागे पुष्कळ गोष्टी लपतात. न केलेला अभ्यास, पुढे ढकललेली तपासणी, न फेडलेले कर्ज, भावाशी न केलेला समेट. देवाची योजना शाश्वत आहे म्हणून आपली टाळाटाळ पवित्र होत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर. ज्या आईचे लेकरू गेले तिला "ही देवाचीच योजना होती" असे सांगणारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण बहुधा सांत्वनापेक्षा स्वतःची अस्वस्थता मिटवण्याची घाई जास्त असते. शोक करणाऱ्याच्या तोंडावर सिद्धांत ठेवणे ही श्रद्धा नाही. येशूने लाजराच्या कबरेपाशी आधी अश्रू ढाळले, आणि पुढच्याच क्षणी काय घडणार आहे हे त्याला ठाऊक होते.

हे तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. तरी दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, आणि ते आपल्याच नाशिक जिल्ह्यातून उचलता येते.

1 जानेवारीला निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराच्या मनात काय चालते ते पाहा. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली, ऑक्टोबरात गोडी बहाराची छाटणी झाली, फवारण्या झाल्या, विरळणी झाली, मजुरी आणि औषधांत पैसा अडकला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घड वेलीवर लटकत असतात आणि तोडणी अजून पुढे असते. एका अवकाळी पावसाने, एका गारपिटीने सगळे मातीमोल होऊ शकते. हा माणूस आळशी नाही. जे करायचे ते सगळे करून तो आता आभाळाकडे पाहतो. त्याला कुणी "प्रयत्न कमी पडले" म्हणाले तर तो अन्याय होईल, आणि "विमा कशाला, प्रार्थना कर" म्हणाले तर तेही चूकच. त्याने विमा उतरवावा, जमल्यास प्लास्टिकचे आच्छादन घालावे आणि प्रार्थनाही करावी. माणसाच्या हातात नसलेला एक भाग प्रत्येक कामात असतोच. तो मान्य केला नाही, तर माणूस यशाने उद्दाम होतो आणि अपयशाने मोडून पडतो. उद्या अमुक शहरी जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू असे ठामपणे बोलणाऱ्यांना याकोबाच्या पत्रात जो इशारा आहे, तो व्यापाराविरुद्ध नाही. उद्याचा दिवस आपल्या खिशात आहे या समजुतीविरुद्ध आहे.

आणि कृपेचे काय? नाताळापासून मोजले तर 1 जानेवारी हा आठवा दिवस. बाळाला येशू हे नाव ठेवले गेले ते आठव्या दिवशी, म्हणून चर्चच्या दिनदर्शिकेत या दिवसाला नामकरणाचे स्थान आहे. मला या गोष्टीत फार मोठा दिलासा वाटतो. आठ दिवसांच्या बाळाने अजून काहीच केलेले नसते. नाव आधी मिळते, काम नंतर. तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षेत नापास झालेला मुलगा, नोकरी गेलेला बाप, मागच्या जानेवारीतली दारू सोडण्याची शपथ मार्चमध्ये मोडलेला तरुण, यांना नव्या वर्षाच्या संकल्पांची यादी काय देणार? आणखी एक परीक्षा. कृपा त्यांना सांगते की तुमची किंमत निकालाआधीच ठरलेली आहे. आता उठा आणि पुन्हा लागा. उठण्याचे बळ या क्रमानेच येते, हे मी माणसांत पाहिले आहे.

आता कठीण कसोटी. देवळालीहून नाशकात गेले की शरणपूर लागते. चर्च मिशनरी सोसायटीने 1850च्या दशकात वसवलेले हे गाव. नावातच आसरा आहे. अरबी समुद्रावर ब्रिटिश आरमाराने गुलामांची जहाजे पकडली, त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले इथे आणली गेली, शिकली, हातकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधात निघालेल्या तुकडीत होता. 1873 साली लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचे शव समुद्रकाठापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, आणि 1874मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही.

ही कथा ऐकून भाविक मन पटकन म्हणते, पाहा देवाची योजना! इथे जिभेला आवर घालायला हवा. मुलांना आईच्या कुशीतून ओढून विकणे ही देवाची योजना होती असे म्हणणे म्हणजे गुलामांच्या व्यापाऱ्याला देवाचा मुनीम ठरवणे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ आपल्या भावांना जे सांगतो, त्याची मांडणी फार काटेकोर आहे: तुम्ही केले ते वाईटच होते, देवाने त्यातून भले काढले. वाईट हे वाईटच राहते. त्याला योजनेची झूल चढत नाही. पण ते शेवटचा शब्दही ठरत नाही. हा फरक सुटला की श्रद्धेचे दगडात रूपांतर होते.

लक्ष्मीबाई टिळक याच परिसरातल्या, जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. 1895 साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचे जग एका दिवसात दुभंगले. काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीजवळ परतल्या, स्वतःही ख्रिस्ती झाल्या, टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरे केले आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्या पुस्तकात श्रद्धा काठोकाठ आहे, पण प्रत्येक दुःखाखाली "हे देवाने अशासाठी केले" असा शेरा नाही. भांडण भांडणासारखे येते, उपास उपासासारखा, हसणे हसण्यासारखे. जिचा देवावर खरा भरवसा असतो तिला देवाच्या वतीने हिशेब जुळवून दाखवावे लागत नाहीत. आजींनी सोडलेली ती रिकामी जागा मला इथे आठवते.

मग योजनेवर भरवसा म्हणजे नेमके काय? त्या ताटातल्या सुरळ्यांत हमखास सापडणारे एक वचन यिर्मयाच्या पुस्तकातले आहे. देवाचे तुमच्याविषयीचे बेत हिताचे आहेत, तुम्हाला आशेचे भविष्य मिळेल, या आशयाचे. कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या मागे आपण ते वाचतो. पण ते मुळात बाबेलमध्ये पकडून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रात आहे. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा यरुशलेमेत सांगत होता की दोन वर्षांत सगळे सुरळीत होईल. यिर्मयाने लिहिले, सत्तर वर्षे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आणि तोवर काय करायचे? घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या परक्या शहरात आहात त्याचे भले चिंता.

हे देवळालीत वाचताना वेगळे लागते, कारण देवळाली ही मुळात वाट पाहण्याचीच जागा. ब्रिटिश काळात मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजासाठी इथल्या छावणीत येऊन थांबत. जहाजे ठराविक हंगामातच सुटत. हंगाम हुकला की महिनोन्‌महिने मुक्काम. काम नाही, कवायत नाही, उन्हाळा डोक्यावर. काहींची मने त्या रिकाम्या थांबण्याने बिघडली, आणि आपल्या गावाच्या नावावरून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली टॅप' असा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातला टॅप म्हणजे आपला तापच.

तेच हे गाव. याच कोरड्या हवेसाठी पुढे सॅनिटोरियमे उभी राहिली, आजारी माणसे श्वास सुधारायला येऊ लागली, बंगल्यांभोवती झाडे वाढली, शाळा आल्या. हवा तीच. थांबणेही तेच, कारण बरे होणे हीसुद्धा वाट पाहणेच आहे. बदलले ते थांबलेल्या हातांचे काम.

माझ्यापुरता तोल इथे ठरतो. देवाच्या योजनेवर भरवसा म्हणजे पुढचे वर्ष सुखाचे जाईल याची खात्री नव्हे. ती खात्री हनन्या देत होता. आपल्या आयुष्याचे गणित आपल्या एका वर्षात सुटायलाच हवे हा हट्ट सोडणे, आणि हट्ट सोडल्यावर मोकळे झालेले हात आजच्या कामाला लावणे, असा तो भरवसा आहे. जहाज कधी येईल हे आपल्याला माहीत नाही. बाग लावण्यासाठी ते माहीत असण्याची गरज नाही.

तोफखान्याच्या रेंजवरून कॅम्पात कधी आवाज घुमतात. पहिला गोळा कुठे पडला हे निरीक्षक कळवतो, मग दुरुस्ती होते आणि दुसरा गोळा जातो, असे त्यांचे शास्त्र आहे. संकल्प असेच करावेत: पूर्ण हिशेबाने, आणि दुरुस्तीची तयारी ठेवून. कुटुंबाचा जमाखर्च मांडावा, तपासणी करून घ्यावी, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारी जावे. वचनाची सुरळी घ्यावीच, पण भविष्य म्हणून नव्हे, वर्षभर मनात घोळवण्याचा शब्द म्हणून. आणि जे हाती येईल ते परत टाकू नये. मंडळीत ज्या घरी यंदा मृत्यू झाला तिथे सिद्धांत नेऊ नये. डबा न्यावा आणि गप्प बसावे.

आजींच्या नातवाने त्या रात्री रिकाम्या ओळीखाली, पुढची पुष्कळ साले ओलांडून, पानाच्या अगदी तळाशी नवे वचन लिहिले. पान संपले होते. तो म्हणाला, "आजी, पुढच्या वर्षी कुठे लिहायचं?" आजींनी पान उलटून दाखवले. मागची बाजू कोरी होती.