चित्रकलेचा तास आणि वारल्यांची भिंत

शिक्षणाविषयी आपल्या समाजांत जी मते निर्विवाद म्हणून चालतात, त्यांपैकी एक असे की, चित्रकला ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे. मुलाचे गणित कच्चे राहिले तर आपण शिकवणी लावतो. त्याची नजर कच्ची राहिली तर ते कोणाच्या ध्यानांतही येत नाही. परीक्षा जवळ आली की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा. हा समज केवळ चुकीचा नव्हे, तर घातक आहे, असे आमचे मत आहे; आणि ते पटवून देण्यासाठी वाचकांस आम्ही पालघर जिल्ह्यांतील डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर नेऊ इच्छितो.

वारल्यांच्या घरी लग्न निघाले की भिंत सारवून तीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ‘लिहितात’ हाच तिकडचा शब्द. सवाशिणींच्या हाती टोक ठेचलेली बांबूची काडी असते, धवलेरी लग्नाची गाणी म्हणत असते, आणि चौकाच्या मध्यभागी पालघट देवी प्रकट होते. दोन त्रिकोण टोकास टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. अशा माणसांची रांग वळत गेली की तारप्याचा नाच होतो. अशा भिंतीसमोर वाढलेले मूल सहाव्या वर्षी शाळेत येते, आणि आपण त्याच्यापुढे छापील पान ठेवून म्हणतो, ‘बाळ, हे गिरव!’

हे गिरवणे आले कोठून? मुंबईस १८५७ साली जे. जे. कलाशाळा निघाली, आणि परक्या नमुन्यांवरून हुबेहूब नक्कल करणे म्हणजे चित्रकला, ही समजूत सरकारी शिक्षणाबरोबर आपल्याकडे रुजली. परके राज्य गेले, समजूत राहिली. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांकडे आज कित्येक घरांतून पाहिले जाते ते शालान्त परीक्षेतील वाढीव गुणांची सोय म्हणून. गुण पदरांत पडले की रंगपेटी माळ्यावर! आणि आता तर वारली चित्रही ठराविक नक्षी होऊन मडकी व पडदे रंगविण्यापुरते शाळेत शिरले आहे. आजीने भिंतीवर जे लिहिले, तेच नातवाने ठशावरून उतरवावे, याहून मोठी विटंबना कोणती?

यावर कोणी म्हणेल, ‘आधी त्या पोरांना लिहिता-वाचता येऊ द्या, कला मग.’ याला उत्तर त्याच भूमीने दिलेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. मुले शाळेत येत नाहीत म्हणून या बायांनी शाळाच अंगणांत नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणांत. शिंपले, बिया, पाने, माती हीच त्यांची साधने. हात, डोळा आणि कान जागे करून त्या अक्षराकडे गेल्या. कलेने अक्षराची वाट अडत नाही; ती तेथूनच सुरू होते.

दुसरा आक्षेप अधिक गोड आणि म्हणूनच अधिक फसवा आहे: ‘आदिवासींची कला त्यांच्यापाशी शुद्ध राहू द्यावी, शाळेने तिला हात लावू नये.’ परंतु कला ही लोणच्याप्रमाणे बरणीत मुरत ठेवावयाची वस्तू नव्हे. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचेच उदाहरण घ्या. चौक हे सवाशिणींचे काम. ते या पुरुषाने नित्याचे केले. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्या उत्तेजनाने त्यांची काडी कागदावर चालू लागली, आणि लग्नविधीपलीकडचे सारे जीवन तीत आले. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांनी परंपरा वाढविली ती नक्कल करून नव्हे, स्वतः पाहून.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व इतर विषय यांमधील भिंत पाडण्याची भाषा केली आहे. भाषा उत्तम, पण तासच नसेल तर भिंत पडणार कोठली? आमचे मागणे थोडके आहे. चित्रकलेचा तास गणिताइतकाच अढळ असावा. डहाणू-तलासरीच्या शाळांत चौक लिहिणाऱ्या बायांस आणि तारपा वाजविणाऱ्यांस मानधन देऊन गुरुजनांच्या मानाने बोलवावे. आणि मुलाने किती हुबेहूब उतरविले हे न पाहता, त्याने स्वतः काय पाहिले, हे पाहावे.

ज्या १९४५ साली बोर्डीस ताराबाईंची शाळा निघाली, त्याच साली तलासरीकडील झरी गावी वारल्यांनी वेठबिगार झुगारण्याचा निश्चय केला. तो हात जमीनदाराच्या वेठीतून सुटला. त्याच हातांच्या नातवंडांस आपण आज गिरवण्याच्या वेठीस धरीत आहो, आणि आपल्या दिवाणखान्यांत वारली चित्रांचे पडदे लावून नववीतल्या मुलास बजावीत आहो, ‘चित्रे पुरे, आता अभ्यासाला लाग!’ तीस वर्षे महाविद्यालयांत शिकविताना टिपणे पाठ केलेली, पण खिडकीबाहेरचे झाड कधी न पाहिलेली मुले आम्ही पुष्कळ पाहिली. वेठ एकट्या वारल्याच्या मुलालाच नाही. आपल्याही मुलांना ती आहे. फरक इतकाच, की आपल्या मुलांवर ती आपणच, मोठ्या हौसेने, लादली आहे.