ज्वाळा रंगवल्या कुणी, कधी?

रॉकबिली संगीताच्या पोस्टराचा विषय निघाला की एक ठरीव चित्र पुढे येते : बॉनेटवर ज्वाळा रंगवलेली हॉट रॉड मोटार, बटबटीत डोळ्यांचा राक्षस, फासे, कवटी. 'हेच ते १९५०चे दशक' अशी ग्वाही देत या चित्राचे कौतुक होते. आमचा आक्षेप या 'हेच ते'ला आहे.

त्या दशकातली पोस्टरे नॅशव्हिलच्या 'हॅच शो प्रिंट'सारख्या, १८७९पासून चालत आलेल्या छापखान्यांत लाकडी खिळे जुळवून छापली जात. गायकाचे नाव ठळक, एखादे छायाचित्र, खाली स्थळ, वेळ आणि दर. मुष्टियुद्धाच्या जाहिरातीचाच हा साचा. ज्वाळा आणि राक्षस त्याचे घटक नव्हते.

ते आले कॅलिफोर्नियातल्या मोटारशौकिनांच्या जगातून. तिथे व्हॉन डच गाड्यांवर नाजूक रेघा ओढी, एड रॉथ एअरब्रशने सदऱ्यांवर राक्षस रंगवून विके. त्याचा 'रॅट फिंक' हा उंदीर १९६०च्या दशकातला. पुढे १९८०च्या आसपास स्ट्रे कॅट्ससारख्या वाद्यवृंदांनी रॉकबिलीला दुसरा जन्म दिला आणि १९९०च्या दशकात कूपसारख्या चित्रकारांनी रॉथचा वारसा सिल्कस्क्रीन पोस्टरांवर आणला. आज 'अस्सल' ठरलेले चित्र असे चाळीस वर्षांनी घडलेले आहे.

मोटार आणि संगीत यांचे नाते खोटे होते, असे आम्ही म्हणत नाही. चार्ली रायनचे 'हॉट रॉड लिंकन' १९५५चे. चक बेरीचे 'मेबेलीन'ही त्याच वर्षीचे, आणि तेही मोटारींच्या शर्यतीचेच. पण ते नाते गाण्यात होते. शिवाय बेरी कृष्णवर्णीय होता. एल्व्हिसने १९५४ साली मेम्फिसच्या सन स्टुडिओत गायलेले 'दॅट्स ऑल राइट' मुळात आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचे. नव्या पोस्टरांवरच्या तेलकट केसांच्या गोऱ्या तरुणांत हे दोघे कुठे दिसतात? स्मरणरंजन केवळ सजवत नाही, ते वगळतेही.

'पोस्टर म्हणजे सजावट. तिच्याकडून इतिहास कशाला मागता?' असे कुणी विचारील. मान्य, पण मग तिला पुरावा म्हणून पुढे करू नका. संहितेचा काळ आणि संहितेत चितारलेला काळ यांत भेद करायला आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो. ऐतिहासिक कादंबरीला बखर समजणाऱ्याचे गुण आपण कापतो. चित्रापाशी आल्यावर तीच शिस्त का सुटावी?

रॉथ आणि कूप यांचा खरा सन्मान त्यांना नव्या प्रतिमेचे कर्ते मानण्यात आहे. त्यांना जुन्या काळाचे नकलनवीस ठरवणारी स्तुती त्यांच्या निर्मितीचे श्रेय काढून घेते, आणि बेरी-क्रूडप यांचेही.