सिंहाचे गोत्र रक्त सांगते

चंदिगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात एके काळी सिंहांची चांगलीच चलती होती. लोक सहकुटुंब येत, डरकाळी ऐकून बच्चेकंपनी खूश होई. पण या वनराजांच्या घराण्यातच घोळ होता. १९८०च्या दशकात गीरच्या सिंहांचा सर्कशीतल्या आफ्रिकन सिंहांशी संकर झाला आणि ही मिश्र प्रजा वाढतच गेली. पुढे त्यांतल्या अनेकांचे मागचे पाय अधू निघाले, रोगांशी झुंजण्याची ताकदही कमी पडू लागली. अखेर पैदास थांबवून नरांची नसबंदी करावी लागली. माणसाच्या चुकीची शिक्षा बिचाऱ्या मुक्या जिवांना!

असा संकर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही का? गीरच्या सिंहाची आयाळ विरळ, त्यामुळे कान सहज दिसतात. पोटाखाली कातडीची लांब घडी असते. पण मिश्र वंशाचा सिंह भल्याभल्यांना चकवतो. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी मिळून आशियाई सिंहांच्या पैदाशीची योजना आखली होती. पाच मूळ सिंहांपासून हे कुटुंब वाढले. १९८७ साली स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातली प्रथिने तपासली, तर त्या पाचांपैकी दोघे आफ्रिकन वंशाचे! वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात गेली.

आपल्याकडे हे काम हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने अंगावर घेतले. पितृत्वाच्या आणि खुनाच्या खटल्यांत गाजलेली डीएनए ठशांची पद्धत डॉ. लालजी सिंग यांनी वाघ-सिंहांसाठीही वापरली. पिल्लाचा निम्मा डीएनए आईचा, निम्मा बापाचा. त्यामुळे थोड्याशा रक्तावरून शुद्ध कोण, संकरित कोण आणि कोण कोणाचे जवळचे नातलग, हे उलगडते. २००७ साली याच संस्थेची वन्यप्राण्यांसाठी खास प्रयोगशाळा, ‘लॅकोन्स’, राष्ट्राला अर्पण झाली.

नातलग शोधायचे कशाला? कारण गीरचे सगळेच सिंह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उरलेल्या मूठभर पूर्वजांचे वंशज. सगोत्र विवाह टाळावा, तशी यांची जोडी जमवताना काळजी घ्यावी लागते. २०२५च्या गणनेत ही संख्या ८९१ झाली, ही आनंदाची गोष्ट. पण जंगलातले हे सारे सिंह गुजरातच्या एकाच भागात आहेत. २०१८ साली गीरमध्ये विषाणूची साथ आली आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. उद्या मोठी साथ आली, तर मदार राहील ती प्राणिसंग्रहालयांतल्या सिंहांवर, तेही अस्सल वंशाचे असतील तरच.

म्हणूनच १८६३ साली स्थापन झालेल्या जुनागढच्या सक्करबागेला मोठा मान आहे. गीरच्या शेजारच्या या बागेतले सिंह देशोदेशी गेले. २०२२ साली तिथूनच मानस आणि मानसी ही जोडी मुंबईत, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आली. जानेवारी २०२५मध्ये मानसीला बछडा झाला.