अकरा महिन्यांचा करार

निवृत्तीनंतर वरच्या दोन खोल्या भाड्याने द्याव्यात, असा विचार पुष्कळ कुटुंबांत होतो. करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी नको, ही समजूत मात्र सर्वत्र खरी नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकरा महिन्यांची पळवाट त्यातूनच निघाली. महाराष्ट्रात ती उपयोगी नाही. तेथील १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ मुदत न पाहता लेखी व नोंदलेला करार मागते, आणि ही जबाबदारी घरमालकाची. तो नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य ठरते. ओळखीच्या माणसापाशी कागदाचा विषय काढणे जड जाते खरे. पण अनामत किती घेतली, खोल्या कधी सोडावयाच्या, हे त्या कागदावरच असते.